मामांनी बिल भरलं, मग आता मी काय मागायचं?

ताई, नमस्कार.

मी जिंतूर तालुक्यातला, वय 27. आयटीआय अर्धवट सोडून सहा वर्षांपूर्वी भोसरीला आलो आणि एका प्रेस शॉपमध्ये, म्हणजे मशीनने पत्रा दाबून सुटे भाग काढणाऱ्या गाळ्यात, ऑपरेटर म्हणून लागलो. गाळा छोटा, आम्ही सात जण. मालक आईच्या माहेरकडचे, लांबच्या नात्यातले. मी त्यांना मामाच म्हणतो. पगार 14,500, कधी रोख, कधी फोनपेवर. पावती नाही, कार्ड नाही, ईएसआय नाही.

गेल्या ऑगस्टमध्ये रात्रपाळीला वॉशरचा जॉब चालू होता. प्रेसला दोन्ही हातांनी दाबायची बटणं आहेत. पण माल लवकर निघावा म्हणून सुपरवायझरने ती बंद करून पेडल जोडलेलं, त्याला वर्ष होऊन गेलं. डायमध्ये (साच्यात) अडकलेला तुकडा काढायला मी हात घातला. पाय पेडलवर नव्हता, तरी दुसरा ठोका पडला. उजव्या हाताचं अंगठ्याजवळचं बोट आणि मधलं बोट, दोन्ही मुळापासून गेली.

मामांनी स्वतःच्या गाडीतून दवाखान्यात नेलं. दोन रात्री ते खाली बाकावर झोपले. 1,10,000 बिल त्यांनीच भरलं. घरी आल्यावर आईच्या हातात 25,000 दिले आणि पाचशेच्या स्टॅम्प पेपरवर माझी डाव्या हाताने सही घेतली, ‘पूर्ण भरपाई मिळाली, काही तक्रार नाही’ अशी. डिस्चार्ज कार्डवर ‘घरी दरवाजात हात सापडला’ असं आहे. सुपरवायझरने डॉक्टरांना तसं सांगितलं होतं. आता मी तिथेच पॅकिंगला आहे, 9,000 वर.

सोबतचे म्हणतात केस कर. आई म्हणते, ज्यांनी वाचवलं त्यांच्यावरच केस? खाल्ल्या मिठाला जागावं. मलाही लाज वाटते. शिवाय बटणं बंद आहेत हे माहीत असून मी काम करत होतो, म्हणजे चूक माझीही आहे ना? त्या प्रेसवर आता गावाकडून आलेला एकोणीस वर्षांचा मुलगा बसतो. पत्र डाव्या हाताने टाइप केलंय, चुका असतील तर माफ करा.

— एक ऑपरेटर, भोसरी

तू ताई म्हणालास, म्हणून एकेरीतच लिहिते. माफी मागू नकोस, ना पत्रातल्या चुकांची, ना बोटांची.

माझ्यासमोर येऊन बसणारी प्रेसवरची माणसं मी बरीच वर्षं बघते आहे. बहुतेक जण पहिल्या भेटीत जखमी हात खिशातच ठेवतात. चहा आला की डाव्या हाताने कप उचलतात, आणि पहिलं वाक्य ठरलेलं असतं, ‘मालक तसे चांगले आहेत हो.’ तुझ्या पत्रातही ते आहे, आणि ते खोटं नाही. मामा चांगले वागले. दोन रात्री बाकावर झोपणारा मालक मीही फार बघितलेला नाही. तरीही तुला जे मिळायला हवं ते अजून मिळालेलं नाही. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. आईला समजावताना इथूनच सुरुवात कर.

तुझा अपघात ऑगस्ट 2025 मधला. म्हणजे त्याला 1923 चा कर्मचारी भरपाई कायदा लागू होतो. 21 नोव्हेंबर 2025 पासून नवीन सामाजिक सुरक्षा संहिता आली आहे, त्यावरून तुला कोणी ‘जुना कायदा गेला, आता काही मिळत नाही’ असं सांगेल. ऐकू नकोस. भरपाईचा हक्क अपघात झाला त्याच दिवशी तयार होतो आणि रक्कमही त्या दिवशीच्या कायद्याने ठरते. गाळ्यात सातच माणसं आहेत याने काही बिघडत नाही. विजेवर माल तयार होतो अशा कुठल्याही जागेत काम करणाऱ्याला हा कायदा लागू होतो, तिथे किमान इतके कामगार हवेत अशी अट नाही. हजेरीवरचा असो, बदलीचा असो, पावती असो वा नसो. कामावर असताना, कामामुळे दुखापत झाली, एवढं पुरे.

आता बिलाचं. मामांच्या आणि आईच्या मनात हिशेब असा असणार, की 1,10,000 अधिक 25,000, म्हणजे 1,35,000 झाले, अजून काय द्यायचं? पण उपचाराचा खर्च मालकाने भरणं हे कायद्याने त्याच्यावरच टाकलेलं काम आहे, आणि उपचारासाठी दिलेला पैसा भरपाईत धरायचा नाही असं कलम 4 मध्ये स्पष्ट शब्दांत लिहिलेलं आहे. म्हणजे ते 1,10,000 या हिशेबात येतच नाहीत. मामांनी ते भरले याबद्दल त्यांचे आभार जरूर मान. पण तुझ्या बोटांच्या भरपाईतला त्यातून एक रुपयाही फिटलेला नाही.

मग भरपाई किती, ते वहीवर मांडून बघ. पगार 14,500. (15,000 च्या वर पगार असला तरी हिशेबाला 15,000 च धरतात, तुझा त्याच्या आत आहे.) त्याचे 60 टक्के म्हणजे 8,700. कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत प्रत्येक वयाला एक गुणक दिलेला आहे, 27 व्या वर्षाचा 213.57. गुणाकार येतो 18,58,059. माणूस कायमचा पूर्ण निकामी झाला असता तर ही रक्कम. एका हाताची दोन बोटं गेली तर पहिल्या अनुसूचीत कमाईच्या क्षमतेची हानी 20 टक्के धरलेली आहे. त्याने तुझी रक्कम होते 3,71,612 रुपये. अपघातानंतर महिन्याभरात ती द्यायला हवी होती. दिली नाही, म्हणून त्यावर साल 12 टक्के व्याज, म्हणजे महिन्याला साधारण 3,700. उशिराला योग्य कारण नसेल तर 50 टक्क्यांपर्यंत दंडही लावता येतो.

हा आकडा आईला दाखव. ‘केस’ म्हटलं की तिच्या डोळ्यांसमोर भांडण येतं. आकडा दिसला की तिला कळेल की आपण काय सोडून देत होतो.

आणि हे 20 टक्के म्हणजे शेवटचा शब्दच असं समजू नकोस. 1975 साली सर्वोच्च न्यायालयापुढे एका सुताराचं प्रकरण होतं. त्याचा डावा हात कोपराच्या वरून कापावा लागला होता. मालकाचं म्हणणं, तक्त्यात बसेल तेवढीच टक्केवारी द्या. न्यायालयाने ते मानलं नाही. सुतारकाम एका हाताने होत नाही, म्हणून त्या माणसापुरतं नुकसान शंभर टक्के धरलं. तुझं प्रकरण तितकं सरळ नाही, हे आत्ताच सांगते. पण उजव्या हाताची ती दोन बोटं नसताना डायमध्ये तुकडा बसवणारा ऑपरेटर परत ऑपरेटर होऊ शकतो का, 14,500 चा माणूस 9,000 वर का आला, हे अर्जात यायलाच हवं. (पूर्ण दिवस भरून 9,000 हे इंजिनिअरिंग उद्योगाच्या किमान वेतनातसुद्धा बसत नाही. त्याची दाद वेगळी मागता येते, सध्या नुसतं लक्षात ठेव.)

स्टॅम्प पेपरने तू घाबरला आहेस, ते तुझ्या वाक्यावरून कळतं. पाचशेचा असो की पाच हजारांचा, कामगाराने भरपाईचा हक्क सोडून दिला असा कुठलाही करार कलम 17 नुसार रद्दबातल आहे. मालक-कामगारांना आपसात रक्कम ठरवता येते, पण त्या कराराची नोंद भरपाई आयुक्तांकडे करावी लागते, आणि रक्कम अपुरी वाटली तर आयुक्त नोंद नाकारतात. तुमच्या कागदाची नोंद झालेली दिसत नाही. तसं असेल तर मालकावर पूर्ण भरपाईची जबाबदारी कायम राहते, आणि आयुक्तांनी वेगळं सांगितलं नाही तर दिलेल्या 25,000 पैकी निम्म्याहून जास्त त्यांना वळतेही करता येत नाहीत. त्या कागदाची प्रत तुझ्याकडे नसेल तर माग. मिळाली नाही तरी अडत नाही.

आता चुकीचा प्रश्न. यावर मी जरा थांबणार आहे, कारण समोरचा वकील लढेल तो इथेच लढेल. कामगाराने सुरक्षेचं साधन मुद्दाम काढून टाकलं, किंवा नियम मुद्दाम मोडला आणि त्यातून अपघात झाला, तर मालक भरपाई नाकारू शकतो. मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं असेल तर ही सबब चालत नाही. पण तुझं अपंगत्व अंशतः आहे, म्हणून ही सबब पुढे येईल. ‘तूच बटणं बंद केलीस’ असं म्हणतील. तर काय झालं ते तू स्वतः लिहिलं आहेस. बटणं सुपरवायझरने बंद केली, वर्षभर सगळ्यांनी पेडलवरच माल काढला, आणि शेवटी तर पेडलवर पायच नव्हता. प्रेसने आपणहून दुसरा ठोका मारला, म्हणजे क्लच नाहीतर ब्रेक बिघडलेला होता. यात तू मुद्दाम काय केलंस? साहेबाने जोडून दिलेल्या मशीनवर पोटासाठी काम करणं याला कायदा मुद्दाम केलेली अवज्ञा म्हणत नाही. साधा निष्काळजीपणा झाला असता तरीही हक्क गेला नसता. पेंगलास, घाई केलीस, हात आत राहिला, हे सगळं धरूनच हा कायदा केलेला आहे. कामाच्या जागी माणसाचा हात चुकणारच, आणि त्याचा भार ज्याचं काम त्याने उचलायचा, हे त्यातलं तत्त्व आहे.

डिस्चार्ज कार्डाची मात्र मला खरी काळजी वाटते. ‘घरी दरवाजात हात सापडला’ हे एक वाक्य तुझ्या सगळ्या म्हणण्याच्या आड येईल. दवाखान्यात लेखी अर्ज देऊन सगळे केसपेपर माग. अपघात विभागातली पहिली नोंद, ऑपरेशनच्या नोंदी, एक्स-रे आणि एमएलसी (पोलिसांना कळवायची वैद्यकीय नोंद) झाली असेल तर तिचा नंबर. रुग्णाने मागितल्यावर 72 तासांत कागद देणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे. ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांना चिरडलेलं बोट कसं दिसतं ते कळतं, दरवाजाने दोन बोटं मुळापासून सहसा जात नाहीत. जखमेत ग्रीस किंवा पत्र्याचा कीस आढळल्याची नोंद असेल तर ती तुझ्या फार कामाची आहे. मग पिंपरीच्या यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालयात किंवा ससूनला जाऊन हात तपासून घे. कुठलं बोट कुठल्या पेरापासून गेलं आणि मूठ किती वळते, याचं प्रमाणपत्र घे.

पगाराचा पुरावा नाही असं म्हणतोस, पण फोनपेवर पैसे आलेत ना? सहा वर्षांत जेवढ्या वेळा आले तेवढ्यांचं स्टेटमेंट काढ. शिफ्ट लावणारे सुपरवायझरचे मेसेज, रात्रपाळीचा ग्रुप, उचल घेतल्याची नोंद, सगळ्याचे स्क्रीनशॉट काढून बहिणीला नाहीतर मित्राला पाठवून ठेव. फोन हरवतो. पेडल जोडलेल्या प्रेसचा फोटो मिळाला तर फारच बरं. त्या रात्री पाळीला कोण होतं त्यांची नावं आजच लिहून ठेव. साक्ष द्या म्हणून आत्ता कोणाला अडचणीत टाकू नकोस, नुसती नावं लिही.

आणखी एक मोजणी करायची आहे. सात जण म्हणतोस, पण दिवाळीआधी ऑर्डर वाढली की पॅकिंगला, डिबरिंगला (धारदार कडा घासायला) चार पोरं जास्तीची येत असतील तर? अपघाताच्या आधीच्या बारा महिन्यांत एखाद्या दिवशीसुद्धा दहा माणसं कामावर होती असं निघालं, तर गाळा ईएसआयच्या, म्हणजे कामगारांच्या सरकारी विमा योजनेच्या कक्षेत येतो, आणि मग रस्ता बदलतो. 1923 च्या कायद्याखाली दावा चालत नाही, ईएसआयकडे जावं लागतं. तिथे घरी बसलेल्या काळासाठी पगाराच्या सुमारे 90 टक्के आणि कायमच्या अपंगत्वासाठी दरमहा रक्कम आहे, तीही जन्मभर. मालकाने नोंदणीच केली नव्हती म्हणून कामगाराचा हक्क बुडत नाही. महामंडळ कामगाराला देतं आणि मालकाकडून वसूल करतं. म्हणून वकिलाला भेटताना माणसं नीट आठवून जा. तू सातच सांगितलेस, म्हणून मी वरचा हिशेब मांडला.

आता मामा. मी तुझ्या जागी असते तर पहिला कागद कोर्टात नाही, मामांच्या हातात दिला असता. भोसरी-चाकणच्या मोठ्या कंपन्या ज्या छोट्या गाळ्यांकडून जॉबवर्क करून घेतात, त्यांच्याकडे बऱ्याचदा कामगार भरपाईची पॉलिसी मागतात. मामांनी ती काढलेली असेल आणि अपघात कळवायचं राहिलं असेल, किंवा प्रीमियम वाढेल म्हणून कळवलं नसेल. पॉलिसी असेल तर भरपाईचा भार विमा कंपनीवर जातो, दंड लागला तर तेवढा मालकाच्या खिशातून. म्हणून दंड लागायच्या आधीच बोलणं मामांच्याही फायद्याचं आहे, हे त्यांना सांग. असं म्हण, ‘मामा, तुम्ही माझ्यासाठी केलंत ते मी विसरणार नाही. पण माझा हात आता तसा होणार नाही आणि मला अजून तीस वर्षं कमवायचं आहे. तुमची पॉलिसी आहे का? क्लेम घालू या.’ आईला बरोबर ने. बोलणं झालं की त्याच दिवशी तेच मुद्दे लिहून स्पीड पोस्टाने पाठव आणि पोचपावती जपून ठेव. नवीन कागदावर सही करू नकोस, राजीनाम्यावर तर मुळीच नाही.

मामा नाही म्हणाले, किंवा पुढच्या महिन्यात बघू म्हणाले, तर थांबू नकोस. दाव्याची मुदत अपघातापासून दोन वर्षं, म्हणजे तुझ्यासाठी ऑगस्ट 2027. लांब वाटते, पण नात्यातल्या ‘बघू’मध्ये दोन वर्षं जाताना मी बघितली आहेत. शिवाजीनगरला जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे. औद्योगिक कामगाराला, उत्पन्न कितीही असो, तिथून मोफत वकील मिळतो. जाण्याआधी 15100 वर फोन करून विचारलंस तरी चालेल. दवाखान्याच्या दाराशी किंवा कोर्टाच्या पायऱ्यांवर कोणी ‘तीस टक्के द्या, केस जिंकून देतो’ म्हणाला तर त्याच्यामागे जाऊ नकोस. वकिलाला निकालाच्या रकमेत टक्का मागता येत नाही, बार कौन्सिलचे नियम तसे आहेत. गावाकडे राहायला गेलास तरी अडचण नाही. तू राहतोस त्या भागातही दावा दाखल करता येतो, दर तारखेला जिंतूरहून पुण्याला यावं लागेल असं नाही.

केस केली तर नातं तुटेल का? कदाचित काही दिवस बोलणं बंद होईल. ते तुला जड जाईल, हे मला कळतं. पण आत्ता ज्या नात्यात तू आहेस त्यात तू रोज समोर बसून 9,000 वर खोकी बांधतोस, आणि मामा तुझ्या हाताकडे बघायचं टाळत असतील. हे नातं तरी कुठे धड आहे? कायद्याने ठरलेली रक्कम हातात आली की कोण कोणावर उपकार करतंय हा प्रश्न दोघांच्याही डोक्यावरून उतरतो. मी हे घडताना पाहिलं आहे, म्हणून लिहिते.

तुझ्या पत्राची एकच ओळ मी दोनदा वाचली, त्या एकोणीस वर्षांच्या मुलाची. त्याचं कोणी तिथे नसेल, तूच आहेस. मामांशी बोलायला बसशील तेव्हा पैशाच्या आधी हे सांग. ती प्रेस बंद करा, क्लच-ब्रेक तपासून घ्या, पेडल काढा, दोन हातांची बटणं परत जोडा, मगच कोणाला बसवा. आणि त्याला आज रात्रीच, पाळी सुरू व्हायच्या आधी गाठ. अडकलेला तुकडा काढायचा तर मोटर बंद करून, फ्लायव्हील पूर्ण थांबल्यावर आणि चिमट्याने, हे त्याला दाखव. चिमटा तुझ्या डाव्या हातात धरूनच दाखव.